डोहाचा दर्जा

कोणताही अर्ज लिहिण्यापूर्वी तो कोणत्या विषयाखाली जाणार हे ज्याला ठरवता येते तोच खरा अर्जनवीस; बाकीचे नुसते कागद काळे करणारे. पाटोद्याच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली माझे टेबल आहे आणि तिथे बसण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढच्या इयत्ता परिस्थितीने नाकारल्या, परंतु कचेरीच्या व्हरांड्याने जे शिकवले ते कोणत्याही महाविद्यालयात शिकवत नाहीत. माणूस माझ्यापुढे येऊन बसतो तेव्हा त्याची वाट शेजाऱ्याने अडवलेली असते, त्यावरून भावाने शिवीगाळ केलेली असते आणि त्याच धांदलीत बैल आजारी पडलेला असतो. हे सर्व तो एका दमात सांगतो. वाटेचे प्रकरण तहसीलदारांकडे जाते, शिवीगाळीचे ठाण्यात आणि बैलाचे जनावरांच्या दवाखान्यात. हे वेगळे केले नाही तर एकही साहेब त्या कागदाला हात लावत नाही. सरकारला लोकांचे दुःख कळत नाही, असे म्हणण्याची रीत आहे. माझा अनुभव असा की, वर्गवारी करून दिलेले दुःख सरकारला बऱ्यापैकी कळते.

आमच्या भागातल्या नदीची वर्गवारी होणार असल्याची सूचना कचेरीच्या फलकावर लागली, तेव्हा वाहत्या पाण्याला कसला आलाय दर्जा, असे शिकलेसवरलेले लोकही विचारू लागले. म्हणूनच मला तो प्रश्न पडला नाही.

त्या सूचनेपर्यंत मला नेले ते एका म्हातारीने. ती माझ्या सासुरवाडीच्या गावची. धनगराची विधवा, मेंढरे नवऱ्यामागे गेली, म्हशी तिने राखल्या. दूध घेऊन ती रोज पाटोद्याकडच्या खव्याच्या भट्टीवर येते. मी तिला मावशी म्हणतो आणि ती मला जावई म्हणते, कारण त्या गावात मी कितीही मोठा कायदेपंडित असलो तरी आधी जावईच आहे. एका सकाळी रिकाम्या कॅना टेबलाजवळ आदळून ती बसली.

"जावई, वरच्या गावाचं गटार आमच्या डोहात सोडायलेत म्हनं. कावून सोडायलेत? आमी त्यांचं काय खाल्लं?"

हे तिला भट्टीवर कोणीतरी सांगितले होते. भट्टीवरच्या बातमीवर मी अर्ज लिहीत नाही. तिला पाणी प्यायला दिले आणि आत जाऊन चौकशी केली, तेव्हा बातमी खरी निघाली. नदीच्या वरच्या अंगाला बाजारपेठेचे जे मोठे गाव आहे, त्याचे सांडपाणी एका नाल्याने एकत्र करून नदीत सोडण्याची योजना होती, आणि नाल्याचे तोंड मावशीच्या गावच्या डोहाच्या वर पडत होते. शेजारीच दुसरी सूचना होती. पाण्याची तपासणी करणारे कार्यालय या नदीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला दर्जा देणार होते. हरकती व सूचना मागवल्या होत्या. दोन्ही कागद बरेच दिवस तिथे शेजारी शेजारी होते. त्यांचा परस्परसंबंध माझ्याआधी कोणाच्या लक्षात आला नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो.

बाहेर येऊन मी मावशीला ते समजेल असे सांगितले. सर्वांत वरचा दर्जा पिण्याच्या पाण्याचा. मग अंघोळीच्या पाण्याचा. त्याखाली, ज्यात मासे आणि इतर जीव राहू शकतात, वाढू शकतात, अशा पाण्याचा. आणि तळाला ते पाणी, जे फक्त शेताला द्यायचे. ज्या तुकड्याला जो दर्जा मिळेल तो टिकवणे सरकारवर बंधनकारक. डोह जीवांच्या दर्जात गेला, तर वरच्या गावाला सांडपाणी नीट शुद्ध करूनच सोडावे लागेल. तळाच्या दर्जात गेला, तर गाळ बसवला आणि सोडून दिले, एवढ्यावर त्यांचे भागेल.

मावशी विचार करून म्हणाली, "म्हंजी आता पान्याला बी जात लावायलं सरकार?"

"जात जन्माने मिळते, मावशी. दर्जा तपासून मिळतो."

"मिळाला मंजी झालं," ती म्हणाली. "उन्हाळ्यात माज्या म्हशीला त्या डोहाबिगर पानी न्हाई."

खरे पाहता गावच्या नदीला वर्गवारी नवी नव्हती. वरच्या अंगाला पिण्याचा पाणवठा, त्याखाली धुण्याचे दगड, त्याखाली जनावरांची उतरण, हा क्रम आमच्या आजोबांच्याही आधीचा. कोणी कुठे घागर बुडवायची आणि कोणी बुडवायची नाही, हाही हिशेब त्यात होता, आणि तो ज्यांनी सोसला त्यांना तो अजून आठवतो. नळ आल्यावर तो क्रम मोडला, चांगलेच झाले. पण पाणी वापरावरून ओळखायचे ही रीत गावाला मुळात ठाऊक होती, एवढेच मला म्हणायचे आहे.

न पाहिलेल्या जागेविषयी मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मावशीबरोबर डोहावर गेलो. बालाघाटाच्या उतारावरून नदी येते ती तिथे काळ्या खडकात अडते आणि खोल होते. वरून करंजाची सावली. पाणी हिरवट, काठाशी शेवाळ. माझी पावले वाजताच खडकावरची कासवे एकामागून एक पाण्यात पडली. एक खंड्या समोरच्या फांदीवर बसून आमच्याकडे अशा नजरेने पाहत होता की जणू आम्हीच परवानगीविना आलो होतो. म्हशी नाकापर्यंत बुडून स्वस्थ होत्या. पत्नीच्या माहेरी इतकी वर्षे येतो-जातो, पण डोहाकडे मी असा लक्ष देऊन कधी पाहिले नव्हते. तसे पाहण्याचे प्रयोजन पडले नव्हते.

मग अर्ज लिहिला. विषय: डोहास व त्याखालील प्रवाहास जलचरांच्या अधिवासाचा दर्जा मिळणेबाबत. माझ्या हातून जे चार उत्तम अर्ज उतरले असतील, त्यांत याची गणना करावी लागेल. गावकऱ्यांच्या सह्या आणि अंगठे झाले. सरपंचाने तर सर्वांच्या आधी सही केली, कारण वरच्या गावाशी त्याचे जुने वाकडे होते. नात्याने तो माझा मेव्हणा लागतो आणि मला दाजी म्हणतो. "दाजी, असा लिवा की वरल्यांच्या तोंडाला फेस आला पायजे," अशी त्याची सूचना होती. फेस येणे हा अर्जाचा हेतू असू शकत नाही, हे मी त्याला समजावले.

दिवाळीनंतर तपासणी कार्यालयातल्या मॅडम प्रथम एकट्या, नुसती जागा पाहायला आल्या. वय तिशीच्या आतबाहेर. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात दांड्याची जाळी आणि एक पांढरा पसरट ट्रे. मला वाटले होते की बाटली भरून नेतील. त्यांनी बाटली भरलीच, एक यंत्रही पाण्यात बुडवून आकडा पाहिला. पण त्यानंतर त्या थेट पाण्यात उतरल्या, एक दगड उचलला, ट्रेमध्ये धुतला आणि उन्हाला धरून मला व मावशीला बोलावले.

ट्रेमध्ये हालचाल होती. तीन शेपट्यांचे चपटे किडे, चतुराची पाण्यातली अवस्था, एक बारीक झिंगा, आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीतून तोंड बाहेर काढून चालणारी एक अळी. असे घर घेऊन हिंडणारा जीव मी पहिल्यांदाच पाहिला.

मावशी म्हणाली, "ह्ये किडे बघायला सरकार पगार देतंय व्हय?"

मॅडम हसल्या. "देतं, मावशी. यंत्राला फक्त आजचं पाणी कळतं. हे जीव महिनोन्महिने इथंच राहतात. मधल्या काळात वाईट पाणी येऊन गेलं, तर ते यांना आधी कळतं. घाण पाण्यात यांतले बरेचसे मरतात, नुसत्या लाल अळ्या उरतात."

मला हे तत्काळ पटले. यंत्राचा आकडा हा दस्तऐवज आणि किडे हे साक्षीदार. आणि जिथे दस्तऐवज एकाच दिवसाचा असतो, तिथे जागेवर राहणाऱ्या साक्षीदाराचे वजन जास्त, हे कोणत्याही कोर्टात खरे आहे. मी तसे बोललो. त्यांनी मान डोलावली आणि सांगितले की आजचे पाहणे हिशेबात धरायचे नाही. पंचांसमक्ष रीतसर तपासणी होईल, तिचा दिवस ग्रामपंचायतीला कळवला जाईल.

दिवस कळवला गेला, आणि तिथून बिघडले.

आमच्याकडे साहेब येणार म्हटले की गाव तोंड धुते. रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो, शाळेपुढे रांगोळी येते, उकिरडे झाकले जातात. आरोग्य खात्याचा साहेब असेल तर पिण्याच्या विहिरीत जंतू मारण्याची पांढरी पावडर पडते. तिची पोती ग्रामपंचायतीत कायम असतात आणि साहेब वास घेऊनच समाधान पावतो. सरपंचाने याच रीतीने विचार केला. विहीर पाहणारा साहेब आला तर पावडर विहिरीत. डोह पाहणाऱ्या बाई येणार तर पावडर डोहात. डोह विहिरीपेक्षा मोठा, म्हणून पावडरही सढळ हाताने. आदल्या दिवशी त्याने स्वतः उभे राहून ती टाकून घेतली. मासे वर आले तेव्हा मेलेले मासे पाहणीच्या दिवशी बरे दिसणार नाहीत म्हणून ते टोपल्यांनी भरून लांबच्या खड्ड्यात पुरले. म्हशी पाण्यात सोडू नयेत, अशी मावशीला आधीच ताकीद होती. तिने ती इमानाने पाळली. त्यामुळे तिला यातले काही कळले नाही. मी पाटोद्याला होतो. सरपंचाच्या मनात कपट नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. घरात पाहुणे येणार म्हणून माणूस सारवतो, तसे त्याने नदीला सारवले होते.

तपासणीच्या सकाळी मी पोहोचलो तेव्हा डोहावर सतरंज्या अंथरल्या होत्या. बायकांनी मॅडमची ओटी भरली. सरपंचाने शाल दिली. डोहाचे पाणी तळापर्यंत दिसत होते आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी नाकात दवाखान्यासारखा वास येत होता. खंड्याची फांदी रिकामी होती.

"मॅडम, पानी आरशावानी केलंय," सरपंच म्हणाला.

मॅडमनी यंत्र बुडवले. मग दगड उचलला, धुतला. ट्रे पांढराच्या पांढरा राहिला. दुसरा दगड, तिसरा. काठाकाठाने जाळी ओढली. जमलेले लोक आपल्या डोहाच्या स्वच्छतेवर प्रसन्न होऊन एकमेकांकडे पाहत होते आणि मी मात्र त्या रिकाम्या ट्रेकडे.

त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "यंत्र म्हणतं पाणी चांगलं आहे. ट्रे म्हणतो इथं कोणी राहत नाही."

त्याच वेळी पलीकडे करंजाच्या मुळाशी मावशी वाकली होती. तिने एक कासव उचलले. त्याची मान लोंबत होती. ते घेऊन ती सगळ्यांच्या मधून, ओटीच्या तांदळावरून चालत सरपंचापुढे आली.

"काय टाकलंस रं ह्याच्यात?"

सरपंचाने सांगून टाकले. लपवण्यासारखे काही आहे हेच त्याला तोवर ठाऊक नव्हते. मॅडमनी सर्व ऐकून घेतले आणि आवाज न चढवता स्थिती स्पष्ट केली. पंचांसमक्ष जे सापडले तेच त्यांना लिहावे लागणार होते, आणि जीव एकही सापडलेला नव्हता. या नोंदीवर डोह तळाच्या दर्जात जाणार. पावडर टाकल्याचे ग्रामपंचायतीने लेखी दिले, तर मात्र आजची तपासणी बाजूला ठेवून पुन्हा घेण्याची शिफारस त्या करू शकत होत्या. संध्याकाळपर्यंत त्या पाटोद्यात असणार होत्या. सतरंजीवर ठेवलेली शाल तशीच ठेवून त्या गेल्या.

मग सगळे मारुतीच्या पारावर बसले. तिथे जे बोलणे झाले ते सर्व लिहिण्याच्या योग्यतेचे नाही. सरपंच लेखी द्यायला तयार नव्हता. नदीत पावडर ओतल्याचा कागद वरच्या गावाच्या हाती पडला तर ते त्याच्यावरच कलम लावतील, ही भीती अगदीच निराधार नव्हती. कोणीतरी सुचवले की वरच्या गावाच्या लोकांनीच रात्रीतून विष ओतले असा अर्ज करावा, दाजी असा लिहितील की कोर्टही हलेल. माझ्या लेखणीवरचा हा विश्वास मला नाकारायचा नाही; परंतु पावडरीचे रिकामे पोते ग्रामपंचायतीच्या दारात पडले होते आणि बाईंना नाक होते. असा अर्ज मी लिहिणार नाही असे सांगितले. त्यावर, जावई शेवटी परकाच, असा टोमणा आला. तो मी ऐकला नाही असे केले.

मावशी पाराच्या खाली उभी होती. त्या पारावर बायका बसत नाहीत. ती सरपंचाला म्हणाली, "तुला कलमाची भ्या हाय. माज्या म्हशीला कलम वाचता येत न्हाई. त्या उन्हाळ्यात तितंच जानार. गटार असलं तरी जानार, न् त्येच पेनार. मंग त्यांचं दूध भट्टीवर घेतील का, न् तुज्या लेकराला पाजशील का, ह्ये आत्ता सांग."

सरपंचाने माझ्याकडे पाहिले. "दाजी, आसं काय लिवता येतंय का, की खरं बी ऱ्हाईल न् मी बी ऱ्हाईन?"

माझ्या धंद्याची इतकी अचूक व्याख्या मला त्याआधी कोणी सांगितली नव्हती.

मी कागद काढला आणि तिथेच, पारावर, त्याचे तीन भाग पाडले. पहिल्यात घटना: पाहणीच्या आदल्या दिवशी, सार्वजनिक आरोग्याच्या समजुतीने, विहिरीच्या पद्धतीनेच डोहात पावडर टाकण्यात आली, त्याने जलचर मरतात याची कल्पना ग्रामपंचायतीस नव्हती. यात एक अक्षरही खोटे नव्हते. दुसऱ्यात विनंती: सबब ही तपासणी गृहीत न धरता पुन्हा घ्यावी. तिसऱ्या भागात मी ठराव घातला की, यापुढे डोहात कोणताही पदार्थ टाकला जाणार नाही आणि त्याच्या रक्षणाची जबाबदारी सरपंच जातीने घेत आहेत. पहिल्या परिच्छेदात ज्याच्याकडून आगळीक झाली, तोच तिसऱ्या परिच्छेदात राखणदार म्हणून उभा असेल, तर त्याच्यावर कलम लावायला साहेबाची लेखणी सहसा उचलत नाही. हे पुस्तकात सापडणार नाही.

शेवटी मी एक ओळ वाढवली: पुढील तपासणीचा दिवस ग्रामपंचायतीस आगाऊ कळविण्यात येऊ नये.

सरपंच ती दोनदा वाचून म्हणाला, "ह्ये कावून?"

"कळवला की तुम्ही पुन्हा स्वागत कराल," मी म्हणालो.

पारावर पहिल्यांदा हसू फुटले आणि त्या हसण्यातच त्याने सही केली. संध्याकाळच्या आत मी स्वतः तो कागद मॅडमच्या हातात दिला. त्यांनी उभ्याने वाचला आणि शेवटच्या ओळीशी आल्यावर त्यांचाही चेहरा सैल झाला. पुढे ग्रामपंचायतीला समज देणारे एक पत्र आले. त्याचे उत्तर मीच लिहिले आणि प्रकरण तिथे मिटले.

कागदाचे काम संपले, तरी खरे काम कागदाच्या बाहेर होते. मेलेले जीव अर्जाने परत येत नाहीत. मॅडमनी सांगितले होते की पावडरीचा जोर काही दिवसांत उतरेल. डोहाच्या वर जिथे नदी गोट्यांवरून खळाळत येते तिथे पावडर पोहोचलेली नव्हती. तिथले जीव प्रवाहाबरोबर खाली येत असतात, जागा चांगली वाटली की राहतात. गावाने काय करायचे, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, काहीच करायचे नाही.

काही न करणे हे गावाला फार अवघड गेले. सरपंचाला आता पश्चात्तापाचा उत्साह आला होता. त्याने बाजारातून माशांचे बीज आणून सोडायचा घाट घातला; तो मी मॅडमना फोन लावून त्याच्याच कानाला देऊन मोडला. मग त्याने डोहाला तारेचे कुंपण घालण्याचे काढले. म्हशी कुठून जातील, असे मावशीने विचारल्यावर तेही राहिले. शेवटी तो रोज सकाळी डोहावर एक फेरी मारू लागला, पाण्याकडे बघायचा आणि परत यायचा. त्याच्या हातून झालेले ते सर्वांत उपयोगी सार्वजनिक काम असे माझे मत आहे.

मावशीने म्हशी लांबच्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या पाझर तलावावर नेल्या. पावडरीचा जोर उतरला असे मी कळवले तरी ती ऐकेना. बेडूक दिसल्याबिगर सोडणार न्हाई, असे तिचे उत्तर. चालून चालून म्हशींचे दूध कमी झाले, भट्टीवाला कुरकुर करू लागला. त्या दिवसांत ती माझ्या टेबलाशी थांबायची आणि काही न विचारता पुढे जायची. कासवे मेली ती मेली, असे एकदाच म्हणाली. मी तिला सांगत राहिलो की आपला कागद पक्का आहे. कागदाविषयी मला शंका नव्हती. पाण्याविषयी मी कोणाला हमी देऊ शकत नव्हतो, आणि ही अवस्था माझ्या सवयीची नव्हे.

संक्रांत होऊन गेली. एका सकाळी मॅडमचा फोन आला की त्या वाटेवर आहेत. मी दुधाच्या टेम्पोत बसून निघालो. डोहावर सतरंजी नव्हती, शाल नव्हती. फेरीवर आलेला सरपंच तेवढा होता, आणि वर्दी लागून मावशी आली. पंच म्हणून शेतातून दोघांना बोलावून घेतले.

पहिला दगड धुतला. ट्रेमध्ये वाळू बसली आणि काही हलले नाही. सरपंच तोंडातल्या तोंडात मारुतीचे नाव घेत होता. दुसऱ्या दगडालाही तेच. मॅडम थोड्या वरच्या अंगाला सरकल्या, जिथे प्रवाह डोहात शिरतो, आणि तिथला एक चपटा दगड उचलून आणला. या वेळी ट्रेच्या कडेने वाळूची एक नळी सरकू लागली. आधी मला ती पाण्याने हलल्यासारखी वाटली. मग तिच्यातून तोंड बाहेर आले. त्यामागून एक तीन शेपट्यांचा दिसला, आणखी एक दिसला, आणि जाळीत चतुराचे एक पिल्लू आले.

"मॅडम, ह्ये पुरे होतील का?" सरपंचाने विचारले.

"पूर्वीपेक्षा फार कमी आहेत," त्या म्हणाल्या. "पण राहायला आलेत. लाल अळ्या नाहीत. मला जे दिसतंय ते मी लिहीन."

मावशीने ट्रेमध्ये वाकून पाहिले. ज्या किड्यांसाठी तिने सरकारच्या पगाराची चेष्टा केली होती, त्यांच्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. "लई बारकी हायती," एवढेच म्हणाली.

पाडव्याच्या आधी हुकूम लागला. डोह आणि त्याखालचा बंधाऱ्यापर्यंतचा प्रवाह जीवांच्या दर्जात घेतला होता. पुढच्या वर्षी फेरतपासणी करावी असा शेरा होता. त्या अनुषंगाने वरच्या गावाच्या नाल्याचा नकाशा शुद्धीकरणाची सोय दाखवण्यासाठी परत पाठवण्यात आला. मी हुकुमाची नक्कल घेतली आणि भट्टीवरून परतणाऱ्या मावशीला टेबलाशी थांबवून वाचून दाखवली.

"म्हंजी गटार येत न्हाई?"

"येईल, मावशी. पण शुद्ध होऊन येईल."

"कशानं? आपल्या सरपंचाच्या पावडरीनं?"

मी तिला नीट समजावले: गाळ बसवण्याच्या टाक्या, मग हवा खेळवून घाण खाणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या टाक्या, आणि शेवटी लव्हाळ्याच्या बेटातून पाणी झिरपत जाणे. घाण खाणारे जीवही असतात, हे ऐकून तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. पण अविश्वास दाखवला नाही.

त्याच आठवड्यात वरच्या गावाची काही मंडळी माझ्याकडे आली. दर्जाविरुद्ध हरकत घ्यायची होती आणि तालुक्यात असा अर्ज मीच लिहू शकतो, असे त्यांना सांगण्यात आले होते. सांगणाऱ्याचे बरोबर होते. मी त्यांना चहा पाजला आणि या विषयात माझी लेखणी आधीच एका बाजूने लागलेली आहे, असे सांगून शेजारच्या टेबलाकडे पाठवले. तिथे त्यांनी जो अर्ज करून घेतला तो मी पाहिला आहे. त्यात नाला, दर्जा, निवडणूक आणि सरपंचाचा स्वभाव या सर्व गोष्टी एकाच परिच्छेदात आहेत. त्यावर अजून निर्णय नाही. निर्णय होईपर्यंत हुकूम लागू आहे, आणि हुकूम आमच्या बाजूचा आहे.

मावशीला हे सांगितले तेव्हा ती कॅना उचलत होती. तिने विचारले की पुढच्या साली बाई येतील तेव्हा मी येईन का. मी येईन म्हणालो. मग सकाळीच म्हशी डोहात सोडून आल्याचे तिने सांगितले. बेडूक दिसला का, असे मी विचारले.

"वरडला," ती म्हणाली. "दिसला न्हाई." आणि उन्हे चढायच्या आत पोहोचायचे म्हणून ती निघाली.